सेल संपलेला थर्मामीटर आणि नवा अभ्यासगट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवजात बाळांच्या मृत्यूंची कारणे शोधायला आणखी एक अभ्यासगट नेमावा, असे एका वाचकाने आपल्या याच सदरात सुचवले आहे. मी बारा वर्षे गटप्रवर्तक होते, वीस-बावीस आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामाची देखरेख माझ्याकडे असे. म्हणून राहवले नाही.

तो अभ्यास आमच्या शेजारच्या गडचिरोलीत कधीच झाला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळ तपासायला शिकवले. वजन, ताप, श्वास, ऊब, अंगावरचे दूध. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा त्याच देत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अंक वाचता न येणारीलाही श्वास मोजता यावा म्हणून त्यांनी मण्यांची पाटी केली होती: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. २०११ पासून देशभर आशा याच पद्धतीने घरी जातात. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिले नाही. ते बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे.

आता माझा अनुभव. जानेवारीतली गोष्ट. एकोणीसशे ग्रॅमचे बाळ, आशाच्या तीन भेटी झालेल्या आणि तिन्ही भेटींत ताप ९८. पहाटे शेकोट्या पेटत होत्या त्या दिवसांत एवढे एकसारखे तापमान कसे, म्हणून मी स्वतः गेले. बाळाचे पोट कोमट, तळपाय गार. आधी आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावले, वरून गोधडी घातली आणि गाडी मागवली. बाळ वाचले.

थर्मामीटर दोन महिने बंद होता.
“मग ९८ कुठून आणलंस गं?”
“ताई, रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो.”

मी तिला रागावले आणि रस्त्यात माझीच मला लाज वाटली. फॉर्म परत पाठवणाऱ्यांत मीही होते. रिकाम्या रकान्याखाली लाल रेघ मारायची सवय आम्हालाच लागलेली. थर्मामीटरचा बटणसेल आठवडी बाजारातल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. वजनकाट्याची मागणी मात्र लेखी देऊन तीन वेळा ‘वर पाठवली आहे’ हेच उत्तर आले. आशाच्या ज्या साहित्याच्या पिशवीच्या जोरावर हे सगळे काम चालते, ती एकदा वाटली की तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रशिक्षणाचेही तेच. पहिल्या वर्षी बाहुली घेऊन श्वास मोजायला शिकवले, नंतर उजळणी झाली ती बहुतेक रजिस्टर भरण्याचीच.

म्हणून मागणी एवढीच आहे. मासिक सभेत आकडे वाचण्याआधी प्रत्येकीने पिशवी टेबलावर उलटी करावी. काटा, थर्मामीटर, घड्याळ चालू की बंद, ते तिथेच पाहावे. उपकेंद्रात सेलचे एक पाकीट आणि एक जादा काटा असावा. आणि ‘उपकरण बंद’ असे लिहिलेला फॉर्म कोणी परत पाठवू नये.

आपली,
एक निवृत्त गटप्रवर्तक
(जि. भंडारा)