नव्या चालकांना परवाना टप्प्याटप्प्याने द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवशिक्या तरुण चालकांवर पहिली एक-दोन वर्षे बंधने घालावीत, असे कुणी सुचवले की 'चार बेफाम पोरांपायी सगळ्यांना शिक्षा कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. माझा मुलगा बेफाम नाही. तरीही ही बंधने त्याला लागू व्हायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

परवाना मिळून आठवडा झाला होता. मी शेजारी बसले होते. गिअर, क्लच, आरसे, सगळे त्याचे व्यवस्थित चालले होते. पुढे थांब्यावर बस उभी होती. तिच्या बाजूने जाताना आपली गाडी घासायला नको म्हणून त्याचे सारे लक्ष बसच्या कडेकडे. मला मात्र बसखालून पलीकडे दोन पाय चालताना दिसले. मी "ब्रेक!" म्हणून ओरडले. गाडी थांबली आणि बससमोरून एक बाई पिशवी सावरत रस्त्यावर आली. तिला काही झाले नाही. मुलगा पांढराफटक पडला होता. "आई, ते पाय मला दिसलेच नाहीत," म्हणाला.

खरेच दिसले नसणार. मी बावीस वर्षे गाडी चालवते. कुठे बघायचे हे माझ्या डोळ्यांना सवयीने कळते. ही सवय परवान्याच्या चाचणीत लागत नाही, ती रस्त्यावरच लागते. म्हणून तर शेजारी जाणकार माणूस असतो तोवर शिकाऊ चालकाचे अपघात कमी असतात आणि एकट्याने चालवायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत ते सर्वाधिक होतात. त्यात रात्र असली, समवयस्क मित्र गाडीत असले की धोका आणखी वाढतो. मागच्या सीटवरून कुणी "हे बघ ना" म्हणत मोबाइल पुढे करतो. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर हटली, तर गाडी तेहेतीस मीटर न बघता गेलेली असते.

न्यूझीलंडने १९८७ पासूनच परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. शिकाऊ आणि पूर्ण परवान्याच्या मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवता येत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या चालकाला शिकाऊ परवान्यानंतरच्या पहिल्या टप्प्यात रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात एकवीस वर्षांखालचे एकाहून जास्त प्रवासी नेता येत नाहीत; घरच्यांना त्यातून सूट आहे. शिवाय परवान्याआधी १२० तास सरावाची नोंद दाखवावी लागते. मला हे सर्वांत पटते. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत वाहतूक नियम मोडल्याबद्दलचे सहा दंडगुण झाले की परवाना रद्द, पुन्हा परीक्षा.

सगळीच बंधने चांगली असतात असे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये नव्या चालकांना वर्षभर ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा घातली गेली. भरधाव महामार्गावर एकच गाडी रेंगाळत चालली की मागचे चालक वैतागून ओव्हरटेक करतात, म्हणून हा नियम मला धोक्याचा वाटतो. रात्रपाळी करणाऱ्या किंवा बस नसलेल्या भागात राहणाऱ्या मुलामुलींची अडचणही खरी आहे. कामावर एकट्याने जाण्या-येण्याची मुभा त्यांना लेखी मिळायलाच हवी.

कायदा होईल तेव्हा होईल. रात्री अकरानंतर मित्रांना घेऊन गाडी न्यायची नाही, असे आमच्या घरी ठरले आहे. मुलगा दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "नियमच असता ना आई, तर मित्रांना नाही म्हणायला मला सोपं गेलं असतं."

आपली,
एक वाचक