आमच्या कॉर्गीला शिकवणाऱ्या ताईंना अनावृत पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

एवढं लांबलचक पत्र कशाला, एक मेसेज पुरला असता, असं तुम्ही म्हणालच. पण आमच्या कॉर्गी जातीच्या बुटक्या कुत्र्यातला, बंड्यातला, फरक बघून ओळखीपाळखीतली कॉर्गीवाली मंडळी हल्ली मलाच विचारत असतात. कुणाचं पिल्लू बेल वाजली की घर डोक्यावर घेतं, तर कुणाचं 'ये' म्हटलं की मान वळवून विरुद्ध दिशेला चालू लागतं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा तुमचे आभार इथेच चारचौघांत मानते, म्हणजे त्यांनाही काही उचलता येईल.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तो तुमच्यावर यथेच्छ भुंकला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाहीत. एका बाजूला वळून बसलात आणि माझ्याकडे वही मागितलीत. तीन रकाने आखून दिलेत: भुंकण्याआधी काय झालं, किती वेळ भुंकला, आणि भुंकल्यावर त्याला काय मिळालं. तोवर "हा सारखाच भुंकतो" एवढंच आम्ही सांगू शकत होतो. वही भरत गेली तसं त्या 'सारखाच'चे तुकडे पडले. बेल आणि जिन्यातली पावलं हा एक प्रकार. खिडकीतून दिसणारी माणसं आणि कुत्री हा दुसरा. कुणी फोनवर बोलायला लागलं की समोर बसून केलेलं "भो!" हा तिसरा. पळणारी मुलं, फिरणारा झाडू आणि खुर्चीवरून अचानक उठलेला माणूस हा चौथा, आणि त्यात भुंकण्याबरोबर टाचेला दातही लागायचे. शेवटच्या रकान्यात तर गंमतच होती. खिडकीतून भुंकलं की रस्त्यावरचा माणूस निघून जातो. तो तसाही जाणारच असतो, पण बंड्याच्या हिशेबी त्यानेच त्याला हाकललेलं असतं. दिवसभर असे विजय मिळत असतील तर कोण गप्प बसेल?

मग तुम्ही कॉर्गीच्या मूळ मुलखाची, ब्रिटनमधल्या वेल्सची गोष्ट सांगितलीत. ती सांगताना बंड्या झाडूला लटकलेला होता, हे मला चांगलं आठवतं. पेम्ब्रोक आणि कार्डिगन या दोन्ही कॉर्गींचं मूळ काम गुरं हाकण्याचं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने 1934 साली त्यांना दोन स्वतंत्र जाती म्हणून मान्यता दिली, पण धंदा दोघांचा एकच. खांद्यापाशी जेमतेम 25 ते 30 सेंटीमीटर उंचीचा प्राणी, आणि समोर गाय. तिने हलावं म्हणून टाचेला चावायचं, लाथ आली की खाली दबायचं, आणि या सगळ्यात भुंकून जरब बसवायची. गाय ऐकत नाही म्हणून जो माघार घेईल, हुकूम येईपर्यंत जो थांबून राहील, तो कुत्रा या कामाचा नाही. आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो तो अशा कुत्र्याच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम जपलेला आहे. लोकांना कॉर्गी ठाऊक असतात त्या राणी एलिझाबेथच्या फोटोंमुळे. फोटोत ते भुंकत नाहीत, आणि तिथेच सगळे फसतात.

तुमचं एक वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं: "भुंकणार तो, किती, ते आपण ठरवू." बेलला दोन-तीनदा भुंकायची त्याला मुभा. त्यानंतर आम्ही खिडकीशी किंवा दाराशी जाऊन बघायचं, शांत आवाजात "झालं" म्हणायचं आणि त्याच्या खाण्यातले चार दाणे दारापासून लांब जमिनीवर विखरायचे. नाक खाली गेलं की तोंड आपोआप बंद होतं. "गप्प बस!" असं ओरडायला तुम्ही सक्त मनाई केलीत. त्याला वाटतं सगळं घरच त्याच्या साथीला भुंकतंय, असं म्हणालात, आणि त्यानंतर आमच्यातलं कुणी ओरडलं की बाकीच्यांना हसू फुटायचं.

बेलचा सराव मात्र सविस्तर सांगते, कारण लोक तिथेच घाई करतात. आधी आमच्याच बेलचा आवाज फोनमध्ये रेकॉर्ड केला. कोपऱ्यात त्याची चटई घातली. आवाज इतका बारीक ठेवला की फक्त त्याचा कान हलेल. आवाज वाजला की चटईवर दाणा. वाजला की दाणा. दार, पाहुणा, गडबड यांतलं काही नाही. काही काळाने आवाज ऐकताच तो स्वतःच चटईकडे वळायला लागला. मग आवाज थोडा वाढवला. तो भुंकला तर तुम्ही एवढंच म्हणायचात, "वाढवलात जरा जास्त, मागे या." मग खरी बेल, पण वाजवणारं घरातलंच माणूस. मग शेजारी. खराखुरा पाहुणा अगदी शेवटी, आणि तोही आधी सांगून आलेला. एकदा आवाज चढला की त्या अवस्थेत कुत्रं काही शिकत नाही. शिकवायचं असतं त्याच्या अलीकडे. हे ऐकायला सोपं आहे. आमच्या उतावळ्या घराला ते पाळायला लावणं हेच तुमचं खरं कसब.

खिडकीचा इलाज तर पाच मिनिटांचा निघाला. काचेवर धूसर कागद चिकटवा म्हणालात, तेव्हा घर अंधारं होणार म्हणून कुरकुर झाली. तुम्ही बंड्याच्या डोळ्यांशी हात धरलात आणि तिथून थोडं वर बोट टेकवलंत. एवढाच पट्टा! कॉर्गीच्या उंचीचा असाही फायदा असतो. वरून आम्हाला सगळा रस्ता दिसतो, खालून त्याला काही दिसत नाही, आणि त्याचा दिवसभराचा पहारा सुटला.

फोनवरच्या "भो!"ने मात्र सगळ्यांचा अंत पाहिला. तो मागणीचा आवाज होता आणि त्याला उत्तर मिळत होतं: कुणी चेंडू फेकायचं, कुणी बिस्किट द्यायचं, कुणी निदान रागावून बघायचं. बघणं हीसुद्धा मिळकतच. हे बंद केलं की आधी वाढेल, हे तुम्ही बजावून ठेवलं होतंत. वाढलंच. आवाज तर चढलाच, वर पंजा मारणंही सुरू झालं. त्या टोकाला जाऊन एकाने जरी हार मानली तर तो शिकतो की भाव वाढवला की माल मिळतो, म्हणून तुम्ही आजींपासून मुलांपर्यंत सगळ्यांना एका ओळीत बसवून तंबी दिलीत. आणि नुसतं दुर्लक्ष करायला सांगून थांबला नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भुंकता भुंकता तो श्वास घ्यायला थांबतो, ती फट पकडायची. थांबला की लगेच शाबासकी, मग हळूहळू फट लांबवायची. शिवाय मागायची दुसरी रीत द्यायची: समोर येऊन बसलास की चेंडू. आता तो इतका सरळ बसून टक लावतो की फोनवरचं बोलणं त्यानेच विसरायला होतं.

टाचांचं प्रकरण खेळातून सुटलं. मुलं पळत असताना तो मागे लागला तर त्यांनी झाडासारखं थांबायचं, हात पोटाशी. पळणारं काही उरलंच नाही तर हाकायचं काय? आणि ती हौस भागवायला काठीला दोरी व दोरीच्या टोकाला खेळणं बांधून दिलंत. पाठलाग कर, पकड, ओढ, "सोड" म्हटलं की सोड, पुन्हा पाठलाग. "सोड" शिकला तो तिथेच, कारण सोडल्यावर खेळ संपत नाही, पुन्हा सुरू होतो. त्या खेळातही उड्या नकोत, खेळणं जमिनीलगतच फिरवा, यावर तुमची करडी नजर. लांब पाठ आणि आखूड पाय, मणक्यातल्या चकतीचं दुखणं या जातीला लवकर गाठतं. त्याच कारणाने बक्षिसाचे दाणे रोजच्या मापातूनच काढायचे आणि बरगड्या हाताला लागतायत ना हे चाचपत राहायचं.

बोलावल्यावर न येण्याबद्दल तुम्ही विचारलंत, "आला की काय होतं?" वहीत बघितलं. आंघोळ, नखं, पट्टा लावून घरी. मग तुमचा नियम आला: बोलवा, बक्षीस द्या, पुन्हा सोडून द्या. दहांतल्या नऊ वेळा येण्याने त्याचं काही हिरावलं जाता कामा नये. उघड्या मैदानात मात्र लांब दोरी कायम, कारण सहा महिन्यांपासून दीडेक वर्षापर्यंतचं वय म्हणजे शिकलेलंही विसरल्याचं सोंग करायचं वय. "हे वय जातं. तोवर शब्द खराब करू नका," हे तुम्ही किती शांतपणे सांगितलंत! येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक मारायचीच नाही, सरळ जाऊन आणायचं.

सगळ्यात अविश्वसनीय सल्ला झोपेचा. संध्याकाळी तो घरभर सुसाट धावायचा, सोफ्याला चावायचा, भिंतीवर भुंकायचा. आमचं मत पडलं, व्यायाम कमी पडतोय. तुम्ही म्हणालात, झोप कमी पडतेय. लहान पिल्लं दिवसातले 18 ते 20 तास झोपू शकतात, आणि गजबजलेल्या घरात त्यांना तेवढं झोपू कोण देतं? दुपारी बंद खोलीत, चघळायला काहीतरी देऊन त्याला झोपवायला लागलो. फिरायला नेताना अंतर कमी केलं आणि हुंगायला वेळ दिला. संध्याकाळचा गोंधळ कमी झाला म्हणण्यापेक्षा, त्याचा त्यालाच कंटाळा आला असं वाटलं.

आणि एका नकाराबद्दल वेगळे आभार. कुणीतरी विजेचा झटका देणारा पट्टा सुचवला होता. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की ज्या वेल्समधून हा कुत्रा आला, तिथे असे पट्टे वापरायला 2010 पासून कायद्याने बंदी आहे. आणि बेल वाजल्यावर झटका बसला तर तो भुंकण्याला नाही, दारातल्या माणसाला घाबरायला शिकेल. भुंकणं एकाएकी वाढलं तर आधी कान आणि पाठ डॉक्टरांना दाखवा, मग मला बोलवा, हेही तुम्हीच सांगितलंत. आपलं काम गेलं तरी चालेल अशा तयारीने सल्ला देणारी माणसं कमी.

बंड्या अजून भुंकतो. केस वाळवायच्या यंत्राशी त्याचं हाडवैर मिटलेलं नाही आणि मिटेल असं चिन्हही नाही. ते सुरू व्हायच्या आधी आम्ही त्याला दुसऱ्या खोलीत धाडतो. बेलला मात्र दोन "भो", मग मान वळवून आमच्याकडे बघणं, मग चटई. वहीच्या उरलेल्या पानांवर तीन रकाने आखून ती मी ओळखीच्या एका कॉर्गीवाल्यांना दिली आहे. ते तुम्हाला फोन करतील. त्यांचा अजून झाडूला लटकतोय.

आमचं पुढचं काम नखं कापण्याचं. कात्री दिसली की स्वारी पलंगाखाली, आणि तिथून बाहेर काढायला माझा हात पुरत नाही. कधी येताय ते कळवा, वही नवीन आणून ठेवली आहे.

आपली,
बंड्याच्या घरची