कार्यशाळेत कोरा कागद द्या, तयार निळा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास फोटो कोलाज, सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळे चित्र उमटवणे), ‘कॅमेऱ्याविना छायाचित्रण’ अशा कार्यशाळांच्या सूचना वर्तमानपत्रांतून दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी काम दोन तासांत उरकते. रसायन आधीच लावलेला कागद हाती येतो. त्यावर नेच्याचे पान ठेवायचे, ऊन दाखवायचे, नळाखाली धरायचे आणि निळे चित्र स्टेटसला टाकायचे. चित्र सुरेख दिसते, यात वाद नाही. पण आपला कागद गडद आणि शेजारच्याचा फिका का झाला, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. कोलाजच्या वर्गातही तीच गत: मासिकांचा गठ्ठा, कात्री, फेविकॉल आणि ‘मनात येईल ते चिकटवा’. आम्ही हेच विषय शिकवतो. आमच्या मते हे दोन्ही विषय एकाच दिवशी, एकमेकांना जोडून आणि कोऱ्या कागदापासून शिकवायला हवेत. शाळांमधल्या कलाशिक्षकांना ते सहज जमेल. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यांतला एक दिवस यासाठी पुरतो.

आधी रसायन, कारण सगळे तिथेच अडखळतात. सायनोटाइप ही इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांची १८४२ सालची पद्धत. वास्तुविशारदांच्या जुन्या ‘ब्लू प्रिंट’ याच रसायनाच्या. १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट विरघळवा. दुसऱ्या बाटलीत १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही द्रावणे तपकिरी बाटल्यांत वेगवेगळी ठेवली तर काही महिने टिकतात. सायट्रेटच्या बाटलीत बुरशी धरते. ती फडक्यातून गाळून घेतली की द्रावण वापरता येते. वापरायच्या वेळीच दोन्ही समप्रमाणात एकत्र करावी, कारण मिश्रण त्याच दिवशी संपवावे लागते. ब्रशने लावताना ए-५ कागदाला साधारण दीड मिली लागते. म्हणजे या २०० मिलीत तीस मुलांचे प्रत्येकी चार कागद होतात आणि थोडे उरते.

ब्रश पत्र्याच्या पट्टीचा नको. लोखंडाशी संबंध आला की द्रावणात निळे कण पडतात आणि कागदावर ठिपके उमटतात. स्पंजचा ब्रश घ्या, नाहीतर पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळा. एकदा आडवा, एकदा उभा हात फिरवायचा आणि थांबायचे. पुन्हा पुन्हा घासले की कागदाचा लव निघतो आणि चित्र खरबरीत येते. खोलीत साधा पिवळा बल्ब चालतो, उघडी खिडकी चालत नाही. कागद अंधारात पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट ओला कागद काचेखाली दाबला की निगेटिव्हला (चित्राच्या उलट्या, पारदर्शक प्रतीला) चिकटतो आणि दोन्ही वाया जातात.

कागदाची निवड हा खरा कळीचा भाग, आणि कार्यशाळांत नेमका तोच गाळला जातो. आजकालच्या बऱ्याच छपाईच्या आणि चित्रकलेच्या कागदांत पिवळे पडू नये म्हणून चुनखडी घातलेली असते. चुनखडी अल्कधर्मी, आणि निळ्या रंगाला अल्कली सोसत नाही. तो आल्या दिवशी छान दिसतो आणि नंतर राखाडी-पिवळट होत जातो. म्हणून कागदाचा गठ्ठा घेण्याआधी एका तुकड्यावर द्रावण लावून अंधारात तासभर ठेवा. रंग पिवळा-हिरवा राहिला तर कागद चांगला. आपोआप निळसर झाला किंवा विटला तर तो नाकारा. दुसरा कागद मिळत नसेल तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात कागद बुडवा, बुडबुडे थांबले की स्वच्छ धुऊन वाळवा आणि मग द्रावण लावा. चिंध्यांपासून केलेला हातकागद बहुधा चांगला निघतो, पण त्याचीही चाचणी घ्याच.

पाण्याचेही तसेच. बोअरवेलचे जड पाणी अल्कधर्मी असेल तर धुताना रंग उतरतो. पहिल्या पाण्यात लिटरमागे चमचाभर व्हिनेगर टाकावे. मग साध्या पाण्यात पाच ते दहा मिनिटे, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावे. तो राहिला तर पांढरे भाग दोन दिवसांत निळे होतात. खरा गडद निळा रंग हवा लागून दिवसभरात येतो. मुलांना तेवढा धीर नसतो, म्हणून औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरभर पाण्यात दोन चमचे टाकून त्यात कागद बुडवावा. क्षणात निळा होतो. वर्गात टाळ्या पडतात त्या इथेच.

उन्हाला किती वेळ ठेवायचा, याचे एकच उत्तर नाही आणि तेच शिकवायचे असते. प्रत्येकाने आपल्या चार कागदांतला एक चाचणीपट्टीसाठी वापरावा. कागदावर तयार निगेटिव्ह आणि काच ठेवून सगळा दोन मिनिटे उन्हात. मग पाव भागावर पुठ्ठा ठेवून आणखी दोन मिनिटे, अर्ध्या भागावर सरकवून चार, पाऊण भागावर सरकवून आठ. झाल्या २, ४, ८ आणि १६ मिनिटांच्या चार पट्ट्या. धुतल्यावर ज्या पट्टीत गडद भाग भरदार आणि फिके भाग अजून पांढरे असतील ती आपली वेळ. मार्चच्या दुपारी ही वेळ पाच-आठ मिनिटांवर येते, डिसेंबरच्या सकाळी दुप्पट होते, पावसाळ्यात तर ढगागणिक बदलते. शिवाय पावसाळ्यात कागद नीट वाळतच नाही आणि लावलेला थर आतल्या आत निळा पडू लागतो. जून ते सप्टेंबर या कार्यशाळा उन्हावर घेऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अगदी घ्यायच्याच तर अतिनील दिवा हवा. तो नसेल तर त्या चार महिन्यांत कोलाज करा.

उन्हात कागदाचा रंग पिवळा-हिरव्याचा निळा आणि मग कांस्यासारखा करडा होत जातो. अनेकजण निळा दिसताच घाईने उचलतात आणि धुताना सगळे वाहून जाते. करडेपणा येईपर्यंत थांबावे. वर ठेवायची काच साधी ४ मिमीची चालते. अतिनील किरण रोखणारे ॲक्रिलिक मात्र चालत नाही. बाहेरून फरक कळत नाही आणि तासभर ठेवूनही कागद कोराच राहतो. पाने ताजी ठेवली तर ओलाव्याचे डाग पडतात, म्हणून रद्दीत दिवसभर दाबून घ्यावीत. शेवगा आणि चिंचेची पालवी बारीक उमटते. वहीत जपलेले पिंपळाचे जाळीदार पान कुणाकडे असेल तर ते आणायला सांगा. शिरांच्या मधल्या फटींतून ऊन गाळून जाते आणि पानाची एकेक रेघ कागदावर पांढरी उठते; असा ठसा दुसऱ्या कुठल्या पानाचा येत नाही.

आता कोलाज. मूळ कौटुंबिक छायाचित्र कधीही कापू नये. लेझर प्रत काढावी. इंकजेट प्रतीवर पाण्याचा डिंक लागला की शाई पसरते. फेविकॉल पातळ कागदाला लावला की तो फुगतो आणि वाळताना सुरकुततो. वर्तमानपत्राच्या कात्रणाला तर नकोच, तिथे ग्लू स्टिक बरी. जाड कागदाला फेविकॉल लावायचाच तर पातळ थर खालच्या पुठ्ठ्यावर द्यावा, कात्रणावर नाही. मधून बाहेर दाबत हवा काढावी, वर बटर पेपर आणि जाड पुस्तके ठेवून रात्रभर राहू द्यावे. पुठ्ठा वाकला तर मागूनही तेवढाच कागद चिकटवावा, दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. बाइंडरकडची खळ स्वस्त असली तरी तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ती मुलांच्या हाती देऊ नका.

कापताना वळणावर कटर नव्हे, कागद फिरवायचा. पाते बोथट झाले की ते कागद ओढते आणि कडा केसाळ होते, म्हणून तुकडा मोडून नवे टोक घ्यावे. कडेला कागदाची पांढरी जाडी दिसते, ती जवळच्या करड्या पेन्सिलीने रंगवावी. त्याहून चांगले म्हणजे कात्रणाची मागची कड शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पातळ करणे. मग सांधा हाताला लागतो, डोळ्याला नाही. आणि सगळ्यात जास्त चुकते ते प्रकाशाच्या दिशेबाबत. एका कात्रणात ऊन डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून असले की कितीही सफाईने कापले तरी जोड उघडा पडतो. कात्रणे निवडतानाच सावल्यांच्या दिशेने दोन ढीग करावेत. जोड मुद्दामच दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही शिकवावे. चित्रकार सी. के. राजन यांनी १९९१ ते १९९६ या काळात मासिकांच्या कात्रणांतून केलेली कोलाज मुलांना जरूर दाखवावीत. घरगुती खोलीत अवाढव्य हात-पाय आले की साधे चित्र अस्वस्थ करू लागते, हे त्यांत लख्ख दिसते.

हे कोलाज आणि निळे चित्र जोडायचे कसे? तयार कोलाज खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या सावलीत सपाट ठेवून मोबाइलने टिपावे. मोबाइल अगदी जवळ नेला की कडा फुगतात. थोडे मागे जाऊन दुप्पट झूम करावा. मोबाइलमध्येच ते कृष्णधवल करून उलटे म्हणजे निगेटिव्ह करावे, डावे-उजवेही पालटावे आणि झेरॉक्सच्या दुकानातून ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) लेझर प्रिंट काढावी. डावे-उजवे पालटले की छापलेली बाजू थेट कागदाला टेकवता येते आणि रेषा धारदार येतात. लेझरची काळी शाई उन्हाला पुरेशी अडवत नाही, त्यामुळे पांढऱ्या जागी निळसर झाक उरते. त्यावर उपाय एकच: दोन सारख्या प्रती काढून रेघेवर रेघ बसवून चिकटवायच्या. मग दहा ठिकाणांहून आलेली कात्रणे एकाच निळ्यात, एकाच पोताच्या कागदावर एकजीव होतात. याची एक चांगली परंपरा आपल्या मुंबईतच आहे. अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले एकत्र काम करत आणि तरुण नलिनी मालानी यांनी तिथे कॅमेऱ्याविना छायाचित्रे केली. ते रीळ-रसायनाचे महागडे काम होते. आज त्याचा थोडा भाग तरी शाळेच्या गच्चीवर होऊ शकतो.

रसायने नकोच असतील तर हळद आहे. ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये दोन चमचे हळद घोळून गाळा, कागदावर दोन थर द्या, वर पान ठेवून दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. उघडा भाग विटतो. मग चमचाभर टाकणखार कपभर पाण्यात विरघळवून वरून ब्रश फिरवा. झाकलेली पिवळी आकृती विटकरी लाल होते. हळदीत चुना मिसळला की कुंकू होते, त्यातलीच ही गंमत. काही तासांनंतरही काहीच विटले नाही तर हळदीत भेसळीचा रंग आहे, असा संशय घ्यायला हरकत नाही. हे चित्र पक्के होत नाही, उजेडात हळूहळू जाते. वहीत ठेवावे. स्पिरिट पेटते, म्हणून ते मोठ्यांनीच हाताळावे आणि जवळपास शेगडी नसावी.

सुरक्षेबाबत दोन्ही टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. फेरीसायनाइडच्या नावात सायनाइड आहे म्हणून काही पालक घाबरतात. त्यातले सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, नेहमीच्या वापरात ते सुटत नाही. पण तीव्र आम्लाशी किंवा उष्णतेशी गाठ घालून दिली तर विषारी वायू निघू शकतो, म्हणून संडास साफ करायचे ॲसिड त्या खोलीत आणूसुद्धा नये. हातमोजे हवेत, स्वयंपाकाची भांडी नकोत. सायनोटाइपच्या काही जुन्या कृतींत पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेले असते. ते कर्करोगकारक आहे आणि मुलांच्या वर्गात त्याला जागा नाही. उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता रद्दीवर फासून उन्हात वाळवावे.

एक विनंती आपल्याकडे. कार्यशाळेची सूचना छापताना आयोजकांकडून चार गोष्टी मागवून घ्याव्यात: कागदाला रसायन सहभागी स्वतः लावणार का, प्रत्येकाला किती कागद मिळणार, चाचणीपट्टी करून घेणार का आणि एका शिक्षकामागे किती जण असतील. आमच्या मते ही संख्या पंधरापेक्षा जास्त नसावी आणि कागद चारपेक्षा कमी नसावेत.

आपले,
छायाचित्रण व कोलाज शिकवणारे काही शिक्षक, पुणे