हिरव्या डेल्टिकच्या नाकावर १९७६चे दिवे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'दुरंगी हिरवं, १९६१-६२' असं खोक्यावर छापून विकलेल्या डेल्टिक या ब्रिटिश डिझेल रेल्वे इंजिनांपैकी डी९००९ 'ॲलिसिडॉन'च्या छोट्या प्रतिकृतीतली (ओओ गेज, म्हणजे मॉडेल रेल्वेचं एक प्रमाण) चूक आणि बिघाड

महोदय/महोदया,

दीड महिन्यापूर्वी मी आपल्याकडून वरील इंजिन घेतलं. त्याबद्दल दोनदा ई-मेल केला. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं ते असं, की इतक्या लहान आकारात नाकावरच्या दिव्यांचा फरक दिसत नाही, चालण्यावरही परिणाम होत नाही. सोबत पुढच्या खरेदीसाठी सवलतीचं कूपन. मला कूपन नको. फरक दिसतो, आणि आता इंजिन नीट चालतही नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी नाकाबद्दल. डेल्टिक ओळखायचं ते नाकावरून, म्हणजे चालकाच्या काचांपुढे आलेल्या भागावरून. त्या नाकाच्या मधोमध एक आडवी चौकट असायची आणि तीत गाडीचा चार वर्णांचा संकेत मागून उजेड टाकून दाखवत : पहिला आकडा गाडीच्या वर्गाचा, मग एक अक्षर, मग गाडीचे दोन आकडे. जलद प्रवासी गाडीला पहिला आकडा १. ब्रिटिश रेल्वेनं हे संकेत दाखवणं १९७६ साली थांबवलं. मग डेल्टिकच्या चौकटी काळ्या करून त्यांत दोन गोल पांढरे दिवे ठेवले. पण तोवर बावीसच्या बावीस डेल्टिक निळी झाली होती, त्यांची नाकं पूर्ण पिवळी रंगवली होती. हिरव्या नाकाचं आणि दोन दिव्यांचं डेल्टिक नोकरीत असताना कधी रुळावर आलंच नाही. आपण मला नेमकं तेच पाठवलं आहे.

निळ्या आवृत्तीचा साचा हिरव्यालाही वापरला गेला, एवढंच कारण मला दिसतं. संकेताचा छापील कागद वरून चिकटवून पाहा, असं एका मित्रानं सुचवलं, तेही करून पाहिलं. पण दिवे नुसते रंगवलेले नाहीत, साच्यातच उठावाचे आहेत. कागदाखाली दोन टेंगळं वर येतात आणि तिरका उजेड पडला की अक्षरांपेक्षा तीच आधी डोळ्यांत भरतात. घासून काढावीत तर शेजारचा हिरवा रंग जाणार.

माझ्या लेआऊटवर, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, १९६२चा उन्हाळा आहे. त्या उन्हाळ्यात डेल्टिकच्या जोरावर 'फ्लाइंग स्कॉट्समन' ही गाडी लंडन ते एडिंबरा हे ३९३ मैल सहा तासांत जाऊ लागली. बावीस इंजिनांनी पंचावन्न वाफेची इंजिनं हटवली, तो हा काळ. डबे मरून रंगाचे, सिग्नल खांबावरच्या हलत्या दांडीचे, आणि त्यांच्यापुढे हे १९६१ साली आलेलं, शर्यतीच्या घोड्याचं नाव मिरवणारं इंजिन. ॲलिसिडॉननं १९४९चा ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला होता. लंडनच्या फिन्सबरी पार्क इंजिन शेडच्या डेल्टिकना अशीच घोड्यांची नावं दिली होती. मी हेच इंजिन, याच रंगात आणि याच सालाचं निवडलं. साल महत्त्वाचं नसतं तर आपण ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं नसतं.

जे चांगलं आहे तेही सांगतो. गर्द हिरव्याखालची फिकट हिरवी पट्टी एका रेषेत आहे, काचांभोवतीचा पांढरा रंग कुठेही ओघळलेला नाही. आवाज तर फार मेहनतीनं केला आहे. मूळ डेल्टिकच्या आत प्रत्येकी १८ सिलिंडर आणि ३६ पिस्टनांची, नेपिअर कंपनीची दोन डिझेल इंजिनं होती, ती एकामागून एक सुरू होत, आणि आपल्या प्रतिकृतीतही दुसरं इंजिन पहिल्यात मिसळताना स्पष्ट ऐकू येतं. ज्यांनी इतक्या कानानं हे केलं, त्यांना नाक माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता बिघाड. तिसऱ्या दिवशी, वीसेक मिनिटं चालवल्यावर, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक' ऐकू येऊ लागलं. आठवडाभरात नऊ डबे लावले की इंजिन सांध्यावर अडखळू लागलं. मागच्या बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याची) खालची पट्टी काढून भिंगातून पाहिलं, तर मधल्या आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक दोन दात्यांच्या मधोमध चिरलेलं. चीर केसाएवढीच, पण तिथे दात्यांमधलं अंतर वाढतं आणि वर्मचा, म्हणजे दातेरी चाकं फिरवणाऱ्या स्क्रूचा, पीळ दर फेऱ्याला त्यावर चढतो. तोच तो 'टक'. उरलेल्या पाच दातेरी चाकांपैकी दोघांच्या भोकाभोवती प्लॅस्टिक पांढरं पडलं आहे, म्हणजे त्यांनाही ताण बसतो आहे. भोक आसाच्या मानानं लहान ठेवून चाक दाबून बसवलं की आज ना उद्या हेच होणार. जास्त ओझ्यानं किंवा चुकीच्या तेलानं झालेला हा बिघाड नाही.

बोगी उघडल्यामुळे हमी गेली, असं कृपया सांगू नये. तेल घालण्यासाठी ती पट्टी काढायची, असं आपल्याच पत्रकात चित्रासह दिलं आहे, आणि मी त्यापलीकडे काही उघडलेलं नाही.

माझी मागणी अशी : चार वर्णांच्या संकेताची चौकट असलेलं, याच रंगातलं आणि याच क्रमांकाचं बाहेरचं कवच द्यावं, आणि सहाही आस नव्या दातेरी चाकांसह बदलून द्यावेत. फक्त चिरलेलं एकच नको; बाकीची दोन त्याच वाटेवर आहेत. तसा साचा आपल्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. काहीही ठरलं तरी विक्रीच्या वर्णनातून '१९६१-६२' काढावं किंवा त्यात चूक आहे अशी नोंद तिथे करावी, कारण हेच साल पाहून दुसरंही कुणी पैसे भरत असेल.

नाकाचे समोरून आणि बाजूने, तसंच चिरलेल्या चाकाचे भिंगातून काढलेले फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. मूळ खोका आणि आतला फोम जपून ठेवला आहे. इंजिन मागवणार असाल तर पाठवण्याचा खर्च आपल्याकडे राहील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, आणि ते ज्यानं हे फोटो स्वतः पाहिले आहेत अशा माणसानं लिहिलेलं असावं.

आपला,
एक ग्राहक