गोचिडीबद्दल, पुन्हा एकदा

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. आई अजून धड बोलत नाही. तू जाऊ नकोस असं मला म्हणायचंच नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन उद्यानाला जरूर जा, गनोगाचा ९४ फुटी धबधबा डोळे भरून बघ. लेक रोजपाशी गाडी लावा, गनोगा ग्लेनच्या दरीने उतरा, वॉटर्स मीटच्या संगमाहून ग्लेन लीच्या दरीने चढा आणि हायलँड ट्रेलने परत या. सव्वातीन मैलांची फेरी आहे. पायऱ्यांचे दगड ओले असतात, तळ न झिजलेले बूट घाल. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घे.

धबधब्यांचं भय नाही गं, गोचिडीचं आहे. जूनमध्ये तिकडच्या जंगलात तिची पिल्लं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी. ती उडत नाहीत, गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसतात. म्हणून वाटेच्या मधून चाल. फिकी पँट, तीही मोज्यांत खोचलेली. कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून वाळव. ते अंगाला लावायचं नाही, अंगाला डीट, किडे दूर ठेवणारं औषध.

कपिलेच्या कानातली गोचीड तू बोटांनी पिळून ओढायचीस आणि दादा वरून रॉकेलचा बोळा लावायचा. तिथे यातलं काही करू नकोस. तिचं पोट दाबलं की आतली घाण तुझ्या अंगात जाईल. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकव, तोंडाशी धर, सरळ वर ओढ. पिरगाळू नकोस.

झाली माझी शिकवणी सुरू. रागावू नकोस. चार मैत्रिणींना घेऊन तीन तास गाडी हाकणार आहेस, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय.

पण गोचिडीतून होणाऱ्या लाइम या आजाराचे जंतू बहुधा गोचीड चोवीस तासांहून जास्त चिकटून राहिली तरच अंगात उतरतात. म्हणून त्याच रात्री बघायचं. गुडघ्यामागे, काखेत, बेंबीत, कानामागे. कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये १० मिनिटं कडक तापव, गार पाण्याने ती मरत नाही. पुढे महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला, तर खाजत नाही म्हणून सोडू नकोस, डॉक्टरकडे जा आणि जंगलात गेले होते हे सांग.

केस तुझे आजीसारखे दाट. भांग पाडून मैत्रिणीला बघायला लाव. मग फोन कर. तिथे रात्रीचे अकरा म्हणजे इथे सकाळचे साडेआठ, धारा काढून झालेल्या असतात.

तुझे बाबा