विषय: सर्च सर्व्हरवर वारंवार येणारी 'टू मेनी ओपन फाइल्स' ही एरर आणि न तपासता बंद केलेली तिकिटे

प्रति,
प्रमुख, ग्राहक साहाय्य विभाग

महोदय,

तुमच्याकडून घेतलेल्या सर्च सर्व्हरवर इंडेक्सिंगचा, म्हणजे शोधासाठी माहितीची सूची बनवण्याचा, भार वाढला की 'टू मेनी ओपन फाइल्स' (मर्यादेपेक्षा जास्त फाइली उघड्या) ही एरर येते आणि इंडेक्सिंग ठप्प होते. तक्रारीचे तिकीट टाकले की उत्तर ठरलेले: लिमिट्स.कॉन्फ या फाइलमध्ये उघड्या फाइलींची मर्यादा 65535 करा आणि सर्व्हर रीस्टार्ट करा. आम्ही केले. फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. ती फाइल लागू होते पॅम या लिनक्सच्या लॉगिन-यंत्रणेमार्फत लॉगिन केलेल्या सेशनला. तुमची सर्च सर्व्हिस सुरू करतो सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम, आणि तो त्या फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. शेलमध्ये यूलिमिट ही मर्यादा दाखवणारी कमांड चालवली की 65535 दिसते, तेवढ्या स्क्रीनशॉटवर तुमचे इंजिनिअर 'प्रश्न सुटला' म्हणून मोकळे होतात. चालू प्रोसेसची खरी मर्यादा प्रॉक या सिस्टम डिरेक्टरीत, त्या प्रोसेसच्या लिमिट्स फाइलीत दिसते. आमच्याकडे तिथे 1024 होते, कारण तुमच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टमडी वाचतो त्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये, ही मर्यादा ठरवणारी लिमिटनोफाइलची ओळच नाही.

ती ओळ शेवटी आम्हीच टाकली. एरर थांबली, पण काही काळापुरतीच. मग एलएसओएफ या कमांडने उघड्या फाइलींची यादी काढली, तर सर्च प्रोसेसच्या नावावर सेगमेंटच्या, म्हणजे इंडेक्सच्या तुकड्यांच्या, फाइलींची रांग आणि बहुतेकींपुढे 'डिलीटेड'. बॅकअप प्लगइन तुमचेच आहे. ते कॉपी करण्यासाठी सेगमेंटच्या फाइली उघडते आणि बंद करत नाही. पुढे मर्जमध्ये, म्हणजे सेगमेंट एकत्र करताना, जुने सेगमेंट पुसले जातात, तरी हँडल (उघड्या फाइलीशी असलेला दुवा) उघडे असल्याने डिस्कची जागा सुटत नाही. म्हणूनच डीएफ (डिस्कची वापरलेली जागा) आणि डीयू (फाइलींनी व्यापलेली जागा) या कमांडचे आकडे जुळत नव्हते. दर बॅकअपनंतर उघड्या डिस्क्रिप्टरची (म्हणजे याच हँडलची) संख्या चढते आणि खाली येत नाही. प्लगइन बंद ठेवले की ती स्थिर राहते. याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यायचा?

हे सगळे तिकिटात लिहिले, तर सल्ला आला की कंपाउंड फाइल फॉरमॅट चालू करा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्याने प्रत्येक सेगमेंटमागच्या फाइली कमी होतील, फाइली बंद न होण्याची गळती तशीच राहील. उलट मर्यादा आणखी वाढवली तर बिघाड दिसायला उशीर होईल आणि तोवर डिस्क भरेल.

प्लगइनमधली गळती दुरुस्त करून नवी आवृत्ती द्या, युनिट फाइलमधली मर्यादा तुमच्या पॅकेजमध्येच घाला, आणि ज्या काळात सर्च बंद राहिले त्याचे शुल्क करारातील उपलब्धतेच्या कलमानुसार परत करा. नवी आवृत्ती येईपर्यंत बॅकअपची पर्यायी सोयही तुम्हीच करायची आहे, कारण प्लगइन बंद ठेवून आम्ही सध्या बॅकअपशिवाय काम करत आहोत. आणि कृपा करून हे पत्र पहिल्या पायरीच्या सपोर्टकडे पाठवू नका. ज्यांनी प्लगइन लिहिले त्यांच्यापर्यंत ते जाऊ द्या.

आपला,
सर्च सर्व्हरची देखभाल पाहणारा ग्राहक

सोबत: प्रोसेसच्या लिमिट्स फाइलीची प्रत, बॅकअपच्या आधीची व नंतरची एलएसओएफ यादी, बंद केलेल्या तिकिटांचा पत्रव्यवहार