साऊंडच्या उक्त्या रकमेत तंत्रज्ञाची मेहनत बुडते

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की नागपुरात कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. वसंतराव देशपांडे सभागृह, सुरेश भट सभागृह, सायंटिफिक सभागृह यांच्या तारखा भरत जातात, रेशीमबाग मैदानावर मंडप उभे राहतात. बहुतेक आयोजकांच्या अंदाजपत्रकात कलावंतांचे मानधन, भाडे, सजावट, जेवण हे सगळे वेगवेगळे मांडलेले असते आणि तळाशी एक ओळ असते: ‘साऊंड सिस्टिम, उक्ते’, म्हणजे सगळे मिळून एकच रक्कम. स्पीकर, केबल, टेम्पो, हेल्पर आणि मिक्सरवर (सगळ्या माईकचा आवाज एकत्र करून जुळवणाऱ्या यंत्रावर) उभा राहणारा ध्वनितंत्रज्ञ, सगळे त्या एका आकड्यात. घासाघीस होते तेव्हा स्पीकरचा बँकेचा हप्ता कमी होत नाही, टेम्पोचे डिझेल कमी होत नाही. कमी होतो तो माणसाचा पैसा. तो वेगळ्या ओळीत लिहावा, एवढीच आमची मागणी आहे.

दरपत्रके वॅटवर मागितली जातात, इथेच पहिली चूक होते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट उघड्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. म्हणजे मागच्या रांगेला शब्द कळायचा असेल तर स्पीकर किती उंच, कोणत्या कोनात आणि दुसरी जोडी कुठे, हे ठरवणारा माणूस लागतो. ही दुसरी जोडी स्टेजपासून ४० मीटरवर असेल तर तिला उशीर द्यावा लागतो, म्हणजे स्टेजचा आवाज हवेतून तिथे पोहोचेपर्यंत तिचा आवाज रोखून धरावा लागतो. डिसेंबरच्या रात्री १६ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४१ मीटर असतो, म्हणजे उशीर ११७ मिलिसेकंद. मे महिन्यात ४० अंशांना हाच हिशेब ११३ वर येतो. त्यात आणखी दहाएक मिलिसेकंद घातले की आवाज मागच्या स्पीकरमधून नव्हे, स्टेजवरून येतोय असे कानाला वाटते. हे केले नाही तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मग आयोजक म्हणतात, पुढच्या वर्षी जास्त वॅटचा साऊंड आणा.

सभागृहात अडचण वेगळी. सुरू असलेल्या माईकची संख्या दुप्पट झाली की माईक स्पीकरचाच आवाज पुन्हा पकडून शिट्टी वाजण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. भीमगीतांच्या किंवा नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात स्टेजवर पंधरा-वीस माईक असतात, त्यामुळे ज्याची पाळी नाही त्या माईकचा आवाज त्या त्या क्षणी मिक्सरवर उतरवणे हे तीन तासांचे अखंड काम आहे. मॉनिटर (कलावंताला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) कुठे ठेवायचा हे माईकच्या जातीवर ठरते. कार्डिऑइड (पाठीमागचे जवळजवळ न ऐकणारा) असेल तर थेट माईकच्या पाठीमागे, सुपरकार्डिऑइड असेल तर मागे पण जरा बाजूला, कारण त्याला नेमके पाठीमागून थोडे ऐकू येते. निवेदकाने माईकची जाळी मुठीत धरली की ही सगळी आखणी कोसळते आणि दोष साऊंडवाल्यावर येतो. शिट्टी वाजली की जाणकार ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर (आवाजातले जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) नेमकी तीच पट्टी ३ ते ६ डेसिबलने उतरवतो. नवखा माणूस घाबरून शेजारच्या चार-पाच पट्ट्याही ओढतो आणि गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

विजेचे काम तर दिसतच नाही. जनरेटरच्या थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटला तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास दाब चढू शकतो आणि अँप्लिफायर, मिक्सर क्षणात जळतात. म्हणून एकही प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ मोजायचे. न्यूट्रल-अर्थमध्ये २ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर जोडणीवाल्याला परत बोलवायचे. लाईटच्या डिमरला (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) वेगळा फेज द्यायचा. साऊंडमध्ये घरघर आली म्हणून अर्थची पिन तोडणारे लोक या शहरात अजूनही काम करतात. एका हातात गिटार आणि ओठाशी माईक असलेल्या कलावंताच्या जिवावर बेतेल असा हा प्रकार आहे. खरा उपाय म्हणजे सगळा साऊंड एकाच ठिकाणाहून वीज घेईल असे पाहणे आणि कीबोर्ड, गिटार डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून) घेऊन त्याची ग्राउंड लिफ्टची, म्हणजे सिग्नल-केबलमधला अर्थ तोडणारी, कळ वापरणे. ज्याला हे कळते तो माणूस स्वस्तात मागू नये.

आवाजाच्या मर्यादेचा भारही त्याच्याच खांद्यावर असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार कार्यक्रमाच्या जागेच्या सीमेवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे सीमेवर ६५. वस्तीने वेढलेल्या मैदानावर हे पाळायचे तर बेसच्या (जाड आवाजाच्या) स्पीकरची रचना आणि टॉपची (वरच्या स्पीकरची) दिशा आधीच ठरवावी लागते, आणि मागून ‘अजून वाढव’ म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्याला नाही म्हणावे लागते.

आता तासांचा हिशेब. संध्याकाळी ७ च्या मैदानी कार्यक्रमासाठी सकाळी ९ ला टेम्पो रिकामा होतो. दुपारपर्यंत उभारणी आणि वायरिंग, ३ वाजता यंत्रणा जुळवणे, ४ ला साऊंडचेक, १० ला कार्यक्रम संपणे, १ ला गाडी भरणे. सोळा तास झाले. ठरलेले पैसे समजा २,००० असतील तर तासाला १२५ पडतात. आदल्या दिवशी वाद्यांची यादी घेणे, चॅनेल आखणे, कॉर्डलेस माईकच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना धडकणार नाहीत अशा निवडणे हे त्यात धरलेलेच नाही. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांना तर रात्रभर जागून मिक्सर सांभाळावा लागतो, हंगामात लागोपाठ.

सगळ्यांना सरसकट सारखे द्या, असे आम्ही म्हणत नाही. आमच्यातही मिक्सरचे दोन फेडर (आवाजाच्या सरकत्या कळा) वर-खाली करून तंत्रज्ञ म्हणवणारे आहेत. आयोजकांनी काम देण्याआधी विचारावे: मिक्सरवर प्रत्यक्ष कोण असणार, त्याने वाद्यांची यादी मागितली का, त्याच्याजवळ मल्टिमीटर आणि डेसिबल मीटर आहे का. मग करारात त्याचे नाव आणि रक्कम लिहावी. दहा तासांचा एक दिवस धरावा, पुढच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे द्यावेत. साऊंडचेकसाठी स्टेज किमान दीड तास मोकळे मिळेल हेही लिहावे, कारण सत्काराचे सोफे आणि फुलांच्या कमानी त्याच वेळेला येतात. कार्यक्रम ४८ तासांच्या आत रद्द झाला तर निम्मी रक्कम द्यावी, कारण ती तारीख दुसऱ्याला देता येत नाही.

थकलेल्या बिलांबद्दल तंत्रज्ञांनाही सांगायचे आहे. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंद) सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, ती काम घेण्याआधीच करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ, आणि सरकारी संस्थाही यातून सुटत नाहीत. तारखेचे बिल आणि पोच मात्र हातात हवी. साऊंड मालकाकडे रोजाने जाणाऱ्या ऑपरेटरला हा कायदा उपयोगी पडत नाही. त्याचा रोज त्याच रात्री, गाडी भरून झाल्यावर, तिथेच चुकता व्हायला हवा.

आपले,
ध्वनिक्षेत्रात काम करणारे काही तंत्रज्ञ, नागपूर